डेअरीत फॅटवरून भांडण झालं तर प्रोग्रामनं काय सांगायला पाहिजे: लॉग आणि लॉगिन, पहिल्यापासून

आमच्या बेळगाव भागात खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कुठंही जावा, गावात एक तरी दूध डेअरी असतेच, डेअरीत आता कॉम्प्युटर पण असतो, आणि त्या कॉम्प्युटरला बहुतेक ठिकाणी एकच लॉगिन असतं, ॲडमिन, पासवर्ड एक-दोन-तीन-चार, तो पण कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. सचिव त्याच्यावरच, हाताखालचा पोरगा त्याच्यावरच, गर्दी असली की सचिवांच्या घरातलं कोणी येऊन बसलं तर ते पण त्याच्यावरच. मग एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणतो, माझी फॅट ६.८ होती, स्लिपवर ६.२ कशी आली ओ? आणि कॉम्प्युटर गप.

हा प्रश्न सोडवणारा प्रोग्राम कसा लिहायचा ते इथं सांगायलोय. मराठी शाळेत दहावी करून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेली की एकदम सगळं इंग्रजी अंगावर येतं, मग डिप्लोमा, बीसीए, नाहीतर व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) एखाद्या कॉलेजात इंजिनिअरिंग, तोवर व्हेरिएबल आणि लूप पाठ झालेलं असतं पण ते कशाला लागतं ते कोणी सांगितलेलं नसतं, अशा पोरापोरींसाठी. भाषा पायथॉन धरा, दुसरी असली तरी कल्पना ह्याच.

आधी चार गोष्टी पटकन

व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली किंमत. लिटर, फॅट, दर ही तीन नावं, त्यात आकडे. खरा दरतक्ता एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) पण बघतो, आपण सोपं करायला फक्त फॅट घेऊया आणि समजा एका लिटरला फॅटच्या एका पॉइंटला ८ रुपये.

लिटर = ४.५
फॅट = ६.८
दर = ८
रक्कम = लिटर × फॅट × दर

उत्तर २४४ रुपये ८० पैसे. फॅट ६.२ झाली तर २२३ रुपये २० पैसे, म्हणजे एका वेळेला २१ रुपये ६० पैशांचा फरक, सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याचं गणित तुम्हीच करा आणि मग लोक का भांडतात ते कळेल.

गंमत म्हणजे पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव खरंच देवनागरीत चालतं, रक्कम असं लिहिलं तरी घेतं, फक्त इफ, फॉर, डेफ असले भाषेचे शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात आणि कोडमधले आकडेही इंग्रजीच लागतात, गुणायला × ऐवजी * लागतं; वर मराठी आकडे आणि × वाचायला सोपं म्हणून लिहिलेत. पण युजरनं कीबोर्डवरून ६.८ असं मराठी आकड्यात टाकलं आणि तुम्ही ते फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यात बदललं तर पायथॉन बरोबर समजून घेतं. चारचौघात काम करताना मात्र नावं रोमनमध्येच ठेवा, पुढं बेंगळूरला नाहीतर पुण्याला नोकरीला गेलात तर शेजारच्याला वाचता यायला पाहिजे.

टाइप म्हणजे किंमत कोणत्या जातीची. कीबोर्डवरून आलेलं ६.८ हे आधी नुसता मजकूर असतं, आकडा नव्हे, त्याला बदलून घ्यावं लागतं. आणि पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये करू नका. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३ च्या पुढं बरीच शून्यं देऊन शेवटी एक ४ चिकटवून देतो, कारण ०.१ हा आकडा बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या मोजणीत, नेमका बसतच नाही. म्हणून रुपये न ठेवता पैसे ठेवा, लिटर न ठेवता मिली ठेवा, फॅट दहापट करून ठेवा, सगळे पूर्णांक. २४४ रुपये ८० पैसे म्हणजे २४४८०, विषय संपला.

कंडिशन म्हणजे जर-तर. फॅट ६.८ ऐवजी घाईत ६८ पडली तर प्रोग्रामनं ती गपचूप घ्यायची काय? नाही. फॅट १२ च्या वर नाहीतर २ च्या खाली असली तर थांबव आणि विचार, ही एक कंडिशन. लूप म्हणजे तेच काम सगळ्या सभासदांसाठी परत परत. फंक्शन म्हणजे एका कामाला नाव देऊन बाजूला ठेवणं, उदाहरणार्थ रक्कम काढणं, म्हणजे उद्या दर बदलला तर एकाच जागी बदलायचं. एवढं पुरे, बाकी करता करता येतं.

लॉग म्हणजे काय, आणि प्रिंट का पुरत नाही

शिकणारा प्रत्येकजण आधी प्रिंट वापरतो. इथपर्यंत आलं, प्रिंट. फॅट किती, प्रिंट. ठीक आहे, पण प्रिंट स्क्रीनवर येतं आणि खिडकी बंद केली की जातं, त्यात वेळ नाही, कोणी केलं ते नाही, आणि महत्त्वाचं कुठलं आणि फालतू कुठलं ते पण नाही. लॉग म्हणजे प्रोग्राम चालू असताना जे जे घडलं त्याची वेळेसकट फाइलमध्ये पडत जाणारी नोंद. भांडण झाल्यावर लॉग लिहायला घेऊन उपयोग नाही, तो आधीपासून पडत राहिलेला पाहिजे.

ही कल्पना जुनी आहे. सिसलॉग नावाची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रामसाठी केली, नंतर ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्या सगळ्यांनी घेतली. त्यात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत, शून्य म्हणजे सगळं कोसळलं, सात म्हणजे डीबग, फक्त प्रोग्रामरच्या कामाचं. पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये पाच मुख्य पातळ्या: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. सिसलॉगमध्ये आकडा लहान तेवढं गंभीर आणि पायथॉनमध्ये आकडा मोठा तेवढं गंभीर, उलटं आहे, परीक्षेत पण विचारतात आणि कामात पण गोंधळ होतो.

अजून एक. पायथॉनला काहीच सांगितलं नाही तर तो वॉर्निंग आणि त्याच्या वरचंच दाखवतो. मग पोरं म्हणतात इन्फो लिहिलं की सर, येतच नाही. येणार कसं, लेव्हल इन्फोवर आणायला सांगितलंय काय तुम्ही? आणि फाइलचं नाव दिलं नाही तर ते फाइलमध्ये जाणारच नाही, स्क्रीनवरच येईल. सुरुवातीलाच बेसिक कॉन्फिगमध्ये फाइल, लेव्हल आणि फॉरमॅट या तीन गोष्टी द्या, आणि एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या, नाहीतर विंडोजवर मराठी नावं आली की फाइल नाक मुरडते.

आपल्या डेअरीत कुठली गोष्ट कुठल्या पातळीवर? दूध घेतलं, स्लिप दिली, लॉगिन झालं हे इन्फो. फॅट हद्दीबाहेर टाकायला बघितली, पासवर्ड चुकला, नोंद दुरुस्त केली हे वॉर्निंग. प्रिंटर मिळाला नाही, डेटाबेसमध्ये लिहिता आलं नाही हे एरर. डिस्क भरली, फाइलच उघडेना, हे क्रिटिकल. दुरुस्तीला मी मुद्दाम वॉर्निंग म्हणतो, काहीजण इन्फो म्हणतील, पण ज्या डेअरीत भांडणं दुरुस्तीवरूनच होतात तिथं ती उठून दिसायला पाहिजे.

आता एका ओळीत काय काय असावं. कधी, किती गंभीर, कोण, काय केलं, कशावर केलं, आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि बदल असेल तर का. ही बघा:

२०२५-०८-१४ ०६:४२:१० | इन्फो | कोण=०३ | काय=नोंद | सभासद=११७ | मिली=४५०० | फॅट=६.८
२०२५-०८-१४ ०६:४४:३१ | वॉर्निंग | कोण=०३ | काय=दुरुस्ती | सभासद=११७ | फॅट=६.८ ते ६.२ | कारण=मशीनवर परत तपासलं

आता ही दोन ओळी घेऊन विचार करा. ११७ नंबरवाले म्हणतात ६.८ होती, खरं आहे, होती. ६.२ कोणी केली? ०३ नंबरच्या युजरनं, दोन मिनिटांनी, कारण देऊन. आता ०३ ला विचारा, मशीनवर परत तपासलं तेव्हा सभासद तिथं उभे होते काय, आणि त्याच वेळेला आणखी किती जणांच्या दुरुस्त्या झाल्या. शोधून बघितलं तर कदाचित त्या सकाळी अकरा दुरुस्त्या निघतील आणि सगळ्या खालीच जायलेत, मग मशीन बिघडलंय की माणूस, हे पुढचं विचारता येतं. नाहीतर एकच निघेल आणि विषय तिथंच मिटेल. लॉग न्याय करत नाही, विचारायला नेमका प्रश्न हातात देतो.

आणि त्या दोन ओळीत कोण=ॲडमिन असतं तर? मग काय, सगळ्यांनीच केलं आणि कोणीच केलं नाही. म्हणून मी म्हणतो लॉग आणि लॉगिन वेगळे धडे म्हणून शिकवतात तेच चुकतं, एकाशिवाय दुसरा निम्मा पण नाही.

एक नियम मात्र पक्का ठेवा, जुनी नोंद पुसून नवी लिहायची नाही. दुकानाच्या खतावणीत चुकलेला आकडा एका रेघेनं काटतात आणि शेजारी नवा लिहून सही करतात, व्हाइटनर लावत नाहीत, तसं. डेटाबेसमध्ये पण मूळ नोंद राहू द्या, दुरुस्ती ही वेगळी नोंद.

घड्याळ, करंट आणि फाइलचा आकार

वेळ चुकली की लॉग गेला. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की रोज सकाळी चालू केल्यावर तारीख कुठंतरी दहा-पंधरा वर्षं मागं जाते, आणि डेअरीवाले तसंच काम चालू ठेवतात कारण स्लिपवरची तारीख कोण बघतोय. सेल बदला, स्वस्तात येतो. इंटरनेट असेल तर टाइम सिंक चालू ठेवा, एनटीपी म्हणतात त्याला. प्रोग्राममध्ये वेळ साठवताना यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) ठेवायची की भारताची हा वाद होतो, भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, एकाच गावच्या डेअरीला भारताची चालते, पण मग शेवटी +०५:३० लिहून ठेवा म्हणजे उद्या कोणी दुसऱ्या सिस्टीमला जोडलं तर घोळ नको. बरेच कॉम्प्युटर आत स्वतः १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत बसतात, ते आपल्याला वाचायला नको.

करंट जाणं तर आहेच. प्रोग्राम फाइलमध्ये लिहितो म्हणजे लगेच डिस्कवर जातं असं नाही, आधी मेमरीत साठतं आणि मग एकदम लिहिलं जातं, मध्येच लाइट गेली की शेवटच्या ओळी गायब, आणि नेमक्या त्याच पाहिजे असतात. पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल प्रत्येक ओळीनंतर फ्लश करतं म्हणजे आपल्या बाजूनं पुढं ढकलतं, पण त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात थोडा वेळ असतंच. छोटा यूपीएस असला की हा प्रश्न जवळजवळ संपतो, त्याला कोडिंग नको.

फाइल किती मोठी होईल याची उगीच भीती असते. समजा १५० सभासद, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ३०० ओळी, एक ओळ १५० अक्षरांची. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, दिवसाला ४५ केबी, वर्षाला साधारण १६ एमबी. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, तरी वर्षाला ५० एमबीच्या आतच. लग्नाचा एक व्हिडिओ त्याच्यापेक्षा मोठा असतो. पण डीबग चालू ठेवून विसरलात तर मात्र फुगत जाते, म्हणून रोटेशन लावा: रोज नाहीतर महिन्याला नवी फाइल, जुनी बाजूला. पायथॉनमध्ये टाइम्ड रोटेटिंग फाइल हँडलर तयारच मिळतो, लिनक्सवर लॉगरोटेट आहे. किती दिवस ठेवायचं? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२२ च्या एप्रिलमध्ये काढलेल्या आदेशात कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना १८० दिवसांचे लॉग भारतातच ठेवायला सांगितलंय, नोकरीत हा आकडा कानावर येईलच. डेअरीत मी म्हणेन, बोनस वाटून हिशोब मिटेपर्यंत तरी हात लावू नका.

लॉगमध्ये काय लिहायचं नाही

हे शिकवतच नाहीत कुठं. पासवर्ड लिहायचा नाही, ओटीपी लिहायचा नाही, आधार नंबर, बँकेचं खातं पूर्ण लिहायचं नाही. ट्विटरनं २०१८ च्या मे महिन्यात स्वतः सांगितलं की त्यांच्या एका चुकीमुळं पासवर्ड हॅश व्हायच्या (म्हणजे न ओळखता येणारा होण्याच्या, पुढं सांगतो) आधीच आतल्या लॉगमध्ये साध्या मजकुरात पडायले होते, आणि ३३ कोटी लोकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. एवढ्या मोठ्यांचं असं, तर आपण डीबगच्या नावाखाली सगळा फॉर्म लॉगमध्ये ओततो तेव्हा काय होतं विचार करा.

त्यातही एक छुपी वाट आहे. माणूस घाईत युजरच्या जागी पासवर्ड टाइप करतो आणि एंटर मारतो. तुमचा प्रोग्राम इमानदारीनं लिहितो, अमुक नावाचा युजर सापडला नाही, आणि ते अमुक म्हणजे त्याचा पासवर्ड असतो, पुढच्याच ओळीत त्याचं खरं नाव. म्हणून न सापडलेलं नाव जसंच्या तसं लिहू नका, नुसतं अनोळखी युजर लिहा.

आणि बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये टाकताना त्यातले ओळ तोडणारे कॅरॅक्टर काढून टाका. नाहीतर कोणी कारण या रकान्यात मध्येच नवीन ओळ घालून पुढं स्वतः बनवलेली खोटी नोंद लिहू शकतो, वाचणाऱ्याला ती खरीच वाटते. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा भाषेच्या लायब्ररीनं (दुसऱ्यांना वापरायला तयार कोडनं) जगभर धावाधाव लावली ती याच घरातली गोष्ट: लॉगमध्ये आलेला मजकूर नुसता लिहायचा सोडून लायब्ररी त्याचा अर्थ लावायला जायची आणि बाहेरचा कोड आणून चालवायची. धोक्याचा स्कोअर दहापैकी दहा मिळाला होता त्याला.

आता लॉगिन

तीन वेगळे प्रश्न आहेत, ते मिसळू नका. तू कोण म्हणतोस? तो तूच कशावरून? आणि तुला काय करायची परवानगी आहे? पहिला युजर आयडी, दुसरा ऑथेंटिकेशन, तिसरा ऑथरायझेशन. पासवर्ड बरोबर आला म्हणजे सगळं करायची मुभा मिळाली असं नव्हे. नोंद घेणारा फक्त नोंद घेईल, दुरुस्ती सचिव करतील, चेअरमन नुसतं बघतील, आणि दर बदलायचा असेल तर दोघांची मंजुरी. आमच्या भागात चेअरमनना सगळं उघडं पाहिजे असतं, तो मान म्हणून, पण चेअरमनला दुरुस्तीचं बटण नसणं हे चेअरमनच्याच सोयीचं असतं, निवडणूक आली की कळतं.

आयडीला नाव घेऊ नका, नंबर घ्या. गावात निम्मे लोक पाटीलच, त्यात एकाच माणसाचं नाव आधारवर इंग्रजीत एक, रेशन कार्डावर कानडीतून एक आणि डेअरीच्या कार्डावर मराठीत एक. कॉम्प्युटरला बेळगाव आणि बेळगावी हे दोन वेगळेच मजकूर आहेत, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं म्हणून तो जुन्या नोंदी आपोआप जोडून देत नाही. त्याच्याही पुढं, कऱ्हाड या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत) दोन तऱ्हेनं बनतो, एक अख्खं चिन्ह आणि एक र खाली नुक्ता, दिसायला सारखं, तुलना केली तर वेगळं. मजकूर आला की आधी नॉर्मलाइझ करा, म्हणजे सगळं एकाच तऱ्हेत आणा, त्या पद्धतीचं नाव एनएफसी, पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये आहे, आणि मगच तुलना.

पासवर्ड कसा साठवायचा? जसाच्या तसा कधीच नाही. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून तीन कोटी वीस लाख पासवर्ड फुटले, सगळे साध्या मजकुरात, आणि त्यात सगळ्यात जास्त लोकांचा कुठला होता तर १२३४५६. ती यादी आजही हल्ला करणारे वापरतात.

साठवायचा तो हॅश. हॅश म्हणजे पासवर्ड एका गणितातून काढल्यावर निघणारा ठराविक लांबीचा आकडा, त्यावरून उलटं येता येत नाही. माणूस पासवर्ड टाकतो, तुम्ही परत तेच गणित करता, जुळलं तर आत. पण नुसता हॅश घेतला तर दोघांचा पासवर्ड सारखा असला की हॅश पण सारखा, आणि बेळगाव१२३ कोणी ठेवलाय ते एका यादीवरून सगळ्यांचं एकदम कळतं. म्हणून प्रत्येकाला वेगळा सॉल्ट, म्हणजे पासवर्डबरोबर मिसळायचा एक यादृच्छिक आकडा, तो शेजारीच साठवला तरी चालतो. युनिक्सवाल्या मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ च्या त्यांच्या पेपरात हे मांडलंय, तेव्हा सॉल्ट १२ बिटचा होता म्हणजे ४०९६ प्रकार, आता १६ बाइट घ्या.

तिसरी गोष्ट, गणित मुद्दाम हळू असायला पाहिजे. एमडी५ किंवा एसएचए-२५६ हे वेगासाठी केलेत, ग्राफिक कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज मारता येतात. बीक्रिप्ट १९९९ मध्ये आलं ते हळू राहण्यासाठीच, त्यात कॉस्ट एकानं वाढवली की वेळ दुप्पट. नवीन पाहिजे असेल तर आर्गॉन२, २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेलं. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर पायथॉनच्या हॅशलिबमध्ये एसक्रिप्ट आहे, सॉल्टसाठी सीक्रेट्स मॉड्यूल, आणि दोन हॅश जुळवताना साधं बरोबर-बरोबर चिन्ह न वापरता एचमॅकमधलं कंपेअर डायजेस्ट. स्वतःचं हॅशिंग शोधून काढू नका, कितीही हुशार असलात तरी.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं, त्याच्या पुढचं काही लायब्ऱ्या गपचूप कापून टाकतात, काही एरर देतात. बेळगाव हा शब्द डोळ्याला चार अक्षरं, पण मात्रा आणि काना वेगळे मोजून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. देवनागरीत २४ चिन्हं झाली की ७२ भरले. मराठीत अख्खी ओवी पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याचा अर्धाच पासवर्ड तपासला जाईल. शिवाय एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कानडी, इंग्रजी तीन कीबोर्ड आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके, कुठला कीबोर्ड चालू आहे ते दिसतच नाही, म्हणून डेअरीत तरी पासवर्ड रोमनमध्येच ठेवायला सांगा.

नियम किती कडक? एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर महिन्याला बदल, असलं केलं की लोक कागदावरच लिहितात. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं: कमीत कमी आठ अक्षरं घ्या, लांब असू द्या, फुटलेल्या यादीतला घेऊ नका, आणि फुटल्याची शंका नसेल तर उगीच बदलायला लावू नका. चार साधे शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात पण राहतो.

चुकीचा पासवर्ड आला तर निरोप एकच द्या, नाव किंवा पासवर्ड चुकला. युजर नाही, असं वेगळं सांगितलं की आयडी कुठले आहेत ते बाहेरच्याला कळतं. पाच वेळा चुकला तर थोडा वेळ थांबवा, आधी एक मिनिट, मग पाच, पण कायमचं लॉक नको, नाहीतर सकाळी सहाला रांग लागलेली आणि कोणीतरी मुद्दाम सचिवांचं लॉगिन बंद पाडून ठेवलेलं. चुकलेला प्रत्येक प्रयत्न लॉगमध्ये. आणि काही मिनिटं कोणी हात लावला नाही की स्क्रीन आपोआप लॉक, कारण सचिव चहाला उठले की खुर्ची रिकामी राहत नाही.

ओटीपीचं ॲप लावायचं काय? ते ॲप आणि प्रोग्राम दोघांकडं एक गुपित असतं, त्यावरून आणि घड्याळावरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा आकडा निघतो, इंटरनेट पण लागत नाही, पण घड्याळ बरोबर पाहिजे, परत तिथंच आलो. रोजच्या नोंदीला नको, कामच अडेल. दर बदलणं आणि महिन्याचं बिल पक्कं करणं, एवढ्याला लावा.

लॉग वाचायची सवय

आधी स्वतःच्याच मशीनवर बघा. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, सिक्युरिटी, त्यात ४६२४ म्हणजे लॉगिन झालं आणि ४६२५ म्हणजे फसलं. ४६२५ दिसतच नसतील तर फसलेल्या लॉगिनचं ऑडिट बंद असू शकतं, ते चालू करावं लागतं. उबुंटूवर व्हार फोल्डरातल्या लॉग फोल्डरात ऑथ डॉट लॉग, रेड हॅट घराण्यात तिथंच सिक्युअर नावाची फाइल, आणि नवीन सिस्टीमवर जर्नलसीटीएल. लास्ट ही कमांड मारली की कोण कधी आत आलं ते दिसतं, लास्टबी मारली की कोण यायला बघून फसलं ते, तिला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं अकाउंट लागतं. इंटरनेटला उघडा ठेवलेला सर्व्हर असेल तर लास्टबीची लांबी बघूनच घाम येतो, जगभरची यंत्रं रात्रंदिवस रूट आणि ॲडमिन ही नावं ठोठावायलेली असतात.

डेअरीत रोज वाचायची गरज नाही. आठवड्याला एकदा तीन गोष्टी बघा: दुरुस्त्या किती आणि कोणाच्या, डेअरी बंद असतानाच्या वेळेत कोणी लॉगिन केलं काय, आणि चुकलेले पासवर्ड एकदम वाढलेत काय. प्रोग्रामलाच हा हिशोब काढून छापायला सांगा, लूप आणि कंडिशन शिकलात ते इथंच वापरायचं.

लॉगची फाइल ज्याच्या हातात, तो ती बदलू पण शकतो हे विसरू नका. नोंद घेणारा विंडोजच्या ज्या अकाउंटवर बसतो त्याला त्या फोल्डरात खोडायची परवानगी नको. रोज रात्री एक प्रत दुसरीकडं जाऊ द्या, चेअरमनच्या ईमेलला नाहीतर दुसऱ्या मशीनवर. जमलं तर प्रत्येक ओळीत मागच्या ओळीचा हॅश घाला, मग मधली एक ओळ बदलली की तिथून पुढची साखळी जुळत नाही. पण अख्खी साखळीच कोणी नव्यानं बनवली तर? म्हणून त्या दिवसाचा शेवटचा हॅश त्या प्रतीबरोबर बाहेर गेलेला पाहिजे.

आणि कामावरचा पोरगा सोडून गेला तर त्याचं अकाउंट डिलीट करू नका, बंद करा, त्याच दिवशी. डिलीट केलं की जुन्या लॉगमधला ०३ कोण होता ते सांगायला कोणी उरत नाही, आणि नवीन येणाऱ्याला ०३ द्यायचा नाही, त्याला पुढचा नंबर द्या.